शुद्धीवर आला म्हणजे वाचला, असे नाही

गेल्या महिन्यात आपल्याच जिल्ह्यातील एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र आले. गुरुजींची मुलगी व जावई नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतात. गुरुजी सपत्नीक सहा महिने तिकडे राहून आले. वाचनाची आवड असल्याने तेथील सार्वजनिक ग्रंथालयात त्यांची रोजची फेरी असे. तेथे भिंतीवर, आग विझविण्याच्या नळकांड्याशेजारी, एक छोटी पेटी त्यांच्या नजरेस पडली. आत नाकात फवारण्याचे औषध होते. ग्रंथपालबाईंना विचारले तेव्हा कळले की, हेरॉइनसारख्या नशेने कोणी बेशुद्ध पडला तर जवळच्या माणसाने ते त्याच्या नाकात फवारायचे.

गुरुजींनी दोन प्रश्न विचारले आहेत. हे औषध आपल्याकडे मिळते का, हा पहिला. दुसरा त्यांच्याच शब्दांत देतो: “ज्याने आपण होऊन विष घेतले त्याला उठविण्यासाठी एवढी उठाठेव कशाला? उद्या तो पुन्हा घेणारच.”

प्रश्न टोचणारा आहे, पण प्रामाणिक आहे. माझ्या दवाखान्यातील बाकावर बसलेली शहाणीसुरती माणसेही हेच बोलतात. खरे सांगायचे तर तीस वर्षांपूर्वी मीही मनातल्या मनात हेच म्हणत असे. तेव्हा आजचा लेख याच विषयावर.

हे फक्त गर्दुल्ल्यांचे दुखणे नव्हे

अफूच्या बोंडाला चीर दिली की चीक निघतो. त्यात मॉर्फिन असते, कोडीन असते. मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन होते. हे हेरॉइन १८९८ साली खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आले होते, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. त्याचेच भेसळयुक्त, मातकट रूप म्हणजे ब्राऊन शुगर, आपल्याकडच्या बोलीत गर्द. डॉ. अनिल अवचटांनी ऐंशीच्या दशकात गर्दवर लिहिले आणि हा शब्द मराठी घराघरांत पोचला. याच कुटुंबातील पेथिडिन, पेंटाझोसिन, ट्रामाडॉल, फेंटानिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही मंडळी कारखान्यात तयार होतात. या सर्वांना मिळून वैद्यकात ओपिऑइड म्हणतात. आपण सोयीसाठी अफूवर्गीय औषधे म्हणू.

यांतील बहुतेक औषधे वाईट नाहीत. कर्करोगाच्या असह्य वेदनेवर मॉर्फिनइतके उपकार करणारे दुसरे औषध मी पाहिलेले नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेल्या वेळी ते दिले तर घाबरण्याचे कारण नाही. हा लेख वाचून कोणीही आपल्या घरातील रुग्णाची मॉर्फिनची गोळी बंद करू नये, ही हात जोडून विनंती.

पण मात्रा चुकली की हीच औषधे जीवघेणी ठरतात, आणि मात्रा चुकण्यासाठी माणूस व्यसनी असावा लागत नाही. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या भागातील एका आजींच्या बाबतीत हे घडले. कर्करोग हाडांत पसरलेला. वेदनेसाठी छातीवर फेंटानिलची पट्टी लावलेली. ही पट्टी दिसायला साध्या चिकटपट्टीसारखी असते, पण तिच्यातून तीन दिवस औषध थेंबाथेंबाने त्वचेतून शरीरात जात राहते. रात्री थंडी पडली, आजी कुडकुडू लागल्या, म्हणून सुनेने मायेपोटी गरम पाण्याची पिशवी छातीशी ठेवली. उष्णतेने पट्टीतील औषध भराभर आत शिरले. सकाळी आजी उठेनात. घोरणे चालू होते, त्यामुळे गाढ झोप लागली आहे असे घरच्यांना वाटले. आजींचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो.

लहान मुलांची आणखी निराळी तऱ्हा. जुलाब थांबविण्याची डायफेनॉक्झिलेट आणि ॲट्रोपीन यांची एकत्र गोळी अनेक घरांत कपाटात पडलेली असते. तीही अफूवर्गीयच. दोन वर्षांच्या मुलाने खेळताखेळता तिच्या चार-दोन गोळ्या खाल्ल्या तर श्वास मंदावतो, आणि तोही कधी कधी बऱ्याच तासांनी. म्हणून असे मूल वरवर हसतखेळत दिसले तरी त्याला दिवसभर रुग्णालयात नजरेखाली ठेवावे लागते. पूर्वी गिरणीत किंवा शेतावर कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी चाटवून निजवीत. त्यांतील काही बाळे उठतच नसत, आणि घरात त्याला ‘दृष्ट लागली’ असे म्हटले जाई.

आता व्यसनाकडे वळू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ वयोगटातील सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे, असे त्यात म्हटले आहे. यांत गर्द ओढणारे आहेत, खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाच्या बाटल्या रिचविणारे आहेत, आणि ट्रामाडॉलच्या पट्ट्या खिशात बाळगणारे ट्रकचालकही आहेत. ट्रामाडॉल २०१८ साली अंमली पदार्थ कायद्याखाली आणावे लागले, ते उगाच नव्हे.

मरण येते ते श्वासाच्या वाटेने

आपण झोपेतही श्वास घेतो, कारण मेंदूच्या देठात श्वसनाचे केंद्र जागे असते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला की ते केंद्र छातीला हुकूम सोडते, ‘घे श्वास’. अफूवर्गीय औषध या पहारेकऱ्यालाच झोपविते. श्वास मिनिटाला पंधराचे आठ, आठाचे चार होतात आणि मग थांबतात. हृदय मात्र त्यानंतरही काही काळ चालू असते. या काळात कोणी त्या माणसाच्या छातीत हवा भरली तर तो वाचतो. प्राणवायू पूर्ण तुटल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आमच्या भागात दहा मिनिटांत रुग्णवाहिका दारात येणे कठीण, म्हणून पहिली मिनिटे घरच्यांच्याच हातात असतात.

ओळखायचे कसे? हाका मारून, खांदा हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरे जोराने घासूनही माणूस जागा होत नाही. श्वास फार संथ, किंवा गुरगुरल्यासारखा, घशात पाणी अडल्यासारखा. ओठ आणि नखे निळसर. डोळ्याची पापणी उघडून पाहिली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. बाहुलीची खूण पुस्तकात ठळक दिलेली असते, पण तिच्यावर फार विसंबू नये. ट्रामाडॉल किंवा पेथिडिनमध्ये ती नसू शकते आणि मेंदूला फार वेळ प्राणवायू मिळाला नसेल तर बाहुली उलट मोठी होते. घोरणे आणि न उठणे ही जोडी मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘घोरतोय ना, झोपू दे’ या एका वाक्याने किती माणसे गेली असतील, देव जाणे.

करायचे काय? एकाने १०८ ला दूरध्वनी करावा. काय घेतले ते लपवू नये. रिकामी पट्टी, पुडी, बाटली जे सापडेल ते रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांच्या हाती द्यावे. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, ही आपली जमेची बाजू. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी रुग्णवाहिकेत डॉक्टर नसतो, प्रशिक्षित तंत्रज्ञ असतात. दुसऱ्याने रुग्णाला उताणे निजवून तोंडातील उलटी, कवळी, तंबाखू बोटाने काढावी, कपाळ मागे आणि हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा. पाच-सहा सेकंदांना एक. छाती वर उठली म्हणजे हवा आत गेली. श्वास पूर्ण थांबला आहे आणि अंगात कसलीच हालचाल नाही असे दिसले तर छाती दाबणेही सुरू करावे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि मधून मधून श्वास द्यावा. स्वतःचा श्वास नीट चालू असेल पण शुद्ध नसेल तर रुग्णाला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी फुप्फुसात जाणार नाही.

आणि काय करू नये? मिठाचे पाणी पाजू नये. बेशुद्ध माणसाला काहीच पाजू नये. कांदा फोडून नाकाशी धरणे, थंड पाण्याची बादली ओतणे, थोबाडीत मारणे, दोघांनी बखोटीला धरून अंगणात फिरविणे, हे सर्व मी पाहिले आहे. या खटाटोपात जी दहा मिनिटे जातात तीच मोलाची असतात.

कुलूप एकच, किल्ल्या दोन

गुरुजींनी पाहिलेल्या पेटीतील औषधाचे नाव नॅलोक्सोन. १९६१ साली ते अमेरिकेत तयार झाले आणि १९७१ साली तेथे त्याला मान्यता मिळाली. मेंदूतील ज्या कुलपात अफूची किल्ली बसते, त्याच कुलपात नॅलोक्सोनची किल्ली बसते, आणि अधिक घट्ट बसते. ती अफूला बाहेर ढकलते, पण स्वतः कुलूप फिरवीत नाही. शिरेतून दिले तर एक-दोन मिनिटांत, स्नायूत दिले तर थोडे उशिरा, मंदावलेला श्वास परत येतो. ज्याच्या अंगात अफूवर्गीय औषध नाही त्याला नॅलोक्सोन दिले तर त्याचे काही बिघडत नाही. निदान चुकले तरी रुग्णाला अपाय होत नाही, अशी औषधे आमच्या धंद्यात फार थोडी.

अमेरिकेत २०२१ ते २०२३ या काळात अंमली औषधांच्या अतिमात्रेने दर वर्षी एक लाखाहून अधिक माणसे मेली, बहुतेक फेंटानिलमुळे. त्यामुळे तेथे नॅलोक्सोनचा नाकातील फवारा २०२३ मध्ये चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली, आणि न्यू जर्सीत तर त्याच वर्षापासून चौदा वर्षांवरील कोणालाही, नावगाव न विचारता, ठरावीक औषधदुकानांत तो मोफत मिळू लागला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ सालीच सांगितले होते की, अशी अतिमात्रा ज्यांच्या डोळ्यांदेखत घडण्याचा संभव आहे, त्या घरच्यांच्या आणि मित्रांच्या हाती हे औषध असावे.

आपल्याकडे ते मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. मिळते म्हणजे मागविले तर मिळते. मी आमच्या तालुक्याच्या दुकानात विचारले तेव्हा दुकानदाराने नाव दोनदा लिहून घेतले आणि तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या घाऊक विक्रेत्याकडून आणून दिले. गुरुजी, आपल्या पहिल्या प्रश्नाचे हे उत्तर, आणि ते फारसे समाधानकारक नाही, हे मला मान्य आहे.

१९९४ ची ती रात्र

दुसऱ्या प्रश्नाकडे येण्याआधी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९९४ साली मी मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात इंटर्नशिप करीत होतो. अपघात विभागात रात्रपाळी होती. पहाटे तीनच्या सुमारास दोन हमालांनी हातगाडीवरून एका पोराला आणले. वय विशी-बाविशीचे, ओठ जांभळे, बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास मिनिटाला चार-पाच. खिशात चांदीचा कागद आणि काड्यापेटी. निदानासाठी वरिष्ठांना उठविण्याची गरज नव्हती. सिस्टरांनी नॅलोक्सोनची ॲम्प्युल फोडून दिली आणि मी ती सगळीच्या सगळी एका दमात शिरेत सोडली.

मिनिटाभरात पोराने मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि उठून बसला. बावीस-तेवीस वर्षांच्या डॉक्टरला त्या क्षणी काय वाटते, हे सांगण्याची गरज नाही. पण पुढच्याच मिनिटाला तो थरथरू लागला. अंगावर काटा, नाकाडोळ्यांतून पाणी, भडाभडा उलटी, आणि मग मला व सिस्टरांना अर्वाच्य शिव्या. त्याच्या दृष्टीने मी त्याची पदरमोड करून घेतलेली नशा हिसकावून घेतली होती आणि वर टर्की दिली होती. सलाईन उपटून तो चालता झाला. वॉर्डबॉयने अडविले नाही, मीही अडविले नाही. खरे तर सुटलो असेच वाटले. केसपेपरवर ‘रुग्ण आपल्या मर्जीने निघून गेला’ असे लिहून मी सही केली.

साडेपाच वाजता झाडू मारणाऱ्या बाईंना तो बाह्यरुग्ण विभागाच्या जिन्याखाली सापडला. अंग गार पडले होते.

त्याने बाहेर जाऊन पुन्हा काही घेतले की नाही, हे मला कधी कळले नाही. घेतले नसते तरी हे घडू शकले असते, हे वरिष्ठांनी त्या सकाळी मला शांतपणे समजावून दिले. नॅलोक्सोनचा अंमल अर्धा ते दीड तास टिकतो. गर्दचा त्याहून जास्त. मेथाडोन किंवा त्वचेवरची पट्टी यांचा तर दिवसभर. नॅलोक्सोन उतरले की कुलूप पुन्हा मोकळे होते, आणि रक्तात फिरत असलेली अफू पुन्हा त्यात जाऊन बसते. माणूस पुन्हा झोपतो आणि श्वास पुन्हा थांबतो. म्हणून उठून बसलेला, बोलणारा, ‘मला काही झाले नाही’ म्हणून हुज्जत घालणारा रुग्ण निदान दोन तास, आणि लांब अंमलाचे औषध घेतलेले असेल तर दिवसभर, नजरेखाली राहिला पाहिजे. घरी कोणी फवारा किंवा इंजेक्शन देऊन उठविले असेल तरी रुग्णवाहिका परत पाठवू नये.

वरिष्ठांनी आणखी एक चूक दाखविली, तीही माझीच. पूर्ण ॲम्प्युल एकदम सोडण्याची गरज नव्हती. आपल्याला जाग नको असते, श्वास हवा असतो. आधी अंबु बॅगेने हवा द्यायची, आणि नॅलोक्सोन थोडे थोडे सोडत श्वास मिनिटाला दहा-बारा झाला की थांबायचे. रुग्ण गुंगीत राहिला तरी चालेल. मग टर्की एकदम अंगावर येत नाही आणि माणूस खाटेवरून पळत नाही.

आता आजींचे सांगतो. १०८ मधून आलेले तरुण डॉक्टर आयुर्वेदाचे पदवीधर होते. काही लोक यावर नाक मुरडतात. पण त्या मुलाने आत शिरताच पट्टी काढली, कातडी ओल्या फडक्याने पुसली, अंबु बॅगेने श्वास देऊ लागला आणि मला दूरध्वनी केला. मी ॲम्प्युल घेऊन पोचलो. आम्ही ती दहा मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळली आणि एकेक मिलिलिटर सोडत गेलो. चौथ्या मिलिलिटरला आजींचा श्वास बारावर आला. डोळे अर्धे उघडले, कण्हल्या, पण वेदना एकदम उसळली नाही. पूर्ण ॲम्प्युल दिली असती तर हाडांत पसरलेल्या कर्करोगाची सगळी वेदना एका मिनिटात त्यांच्यावर कोसळली असती. पट्टी काढली तरी त्वचेखाली साठलेले औषध बराच काळ झिरपत राहते, म्हणून त्यांना दीड दिवस रुग्णालयात ठेवले. त्यानंतर त्या पाच महिने जगल्या आणि नातीचे लग्न पाहून गेल्या. सुनेला मात्र अजूनही ती गरम पाण्याची पिशवी डोळ्यांसमोर दिसते. तिला कोणी आधी सांगितले नव्हते, यात तिचा दोष नाही.

टर्की म्हणजे काय, आणि तिच्यावर इलाज का करायचा

अफूची सवय झालेल्या शरीराला ती मिळाली नाही की जो त्रास होतो, त्याला आमच्या भाषेत विथड्रॉवल आणि व्यसनी मुलांच्या भाषेत टर्की म्हणतात. गर्द बंद झाल्यावर आठ-दहा तासांनी जांभया सुरू होतात. नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो, पोटात कळा, जुलाब, उलट्या, हाडे कोणी आतून पिळतो आहे अशी वेदना, झोप नाही, एका जागी बसवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सर्वांत जोरात असते आणि आठवडाभरात ओसरते. सहसा याने माणूस मरत नाही (दारूचे तसे नाही, तेथे अचानक सोडल्यावर प्राणावर बेतू शकते), मात्र जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होऊ देऊ नये आणि गरोदर बाईच्या बाबतीत तर अचानक बंद करूच नये.

‘मरत नाही ना, मग सोसू दे, म्हणजे अद्दल घडेल,’ असे बापमंडळी म्हणतात. पण सोसणारा माणूस अद्दल घेत नाही, तो पुडी शोधायला बाहेर पडतो. नॅलोक्सोनने तर आठ तासांनी येणारी टर्की एका मिनिटात अंगावर येते. माझा तो पोर मला घाबरून पळाला नव्हता, टर्कीला घाबरून पळाला होता.

या ठिकाणी न्यू जर्सीचा पुन्हा संबंध येतो. त्या राज्याने जून २०१९ मध्ये आपल्या रुग्णवाहिकांवरील पॅरामेडिकना एक नवी मुभा दिली. नॅलोक्सोनने उठलेल्या माणसाला टर्कीचा त्रास होत असेल, तर तेथेच, रुग्णवाहिकेत, ब्युप्रेनॉर्फिन हे औषध द्यायचे. अमेरिकेतील ही अशी पहिली परवानगी. कॅम्डेन शहरात त्याची सुरुवात झाली.

ब्युप्रेनॉर्फिन स्वतःच अफूवर्गीय आहे, हे वाचून आपल्याला आश्चर्य वाटेल. पण त्याची किल्ली कुलपात बसून अर्धीच फिरते. टर्की थांबते, तलफ भागते, पण नशा फारशी चढत नाही. श्वासावरचा त्याचा परिणामही एका मर्यादेपुढे सहसा वाढत नाही (दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर मात्र धोका आहे). शिवाय ती किल्ली इतकी घट्ट बसते की त्यानंतर कोणी गर्द ओढली तरी तिला जागा सापडत नाही. रुग्णवाहिकेत दिलेल्या मात्रेचा अंमल दिवसभर टिकतो. तो दिवस हाती असल्यावर माणूस शांतपणे रुग्णालयात थांबू शकतो, दुसऱ्या दिवशी उपचारकेंद्रात जाऊ शकतो. मात्रा येथे मुद्दाम छापत नाही. हे औषध घरी द्यायचे नाही. टर्की सुरू होण्याआधी ते दिले तर उलट तेच टर्की आणते, म्हणून वेळ पारखणारा जाणकार हवा.

‘एक नशा सोडवून दुसरी लावायची, हा कुठला इलाज?’ हा आक्षेप मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकला आहे. जगभरचा अनुभव असा की, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन नियमित घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या निम्म्यावर येते, किंवा त्याहूनही खाली. आपल्या देशातही नॅकोच्या केंद्रांतून सुईने नशा करणाऱ्यांना हे औषध जिभेखाली दिले जाते, आणि काही सरकारी रुग्णालयांतील व्यसनोपचार विभागांतही ते मिळते. सुईची नशा सुटली की एड्स आणि कावीळ यांचा प्रसारही थांबतो. पण १०८ च्या गाडीपासून त्या केंद्रापर्यंत माणसाला पोचविणारा दुवा आपल्याकडे नाही. त्याला शुद्धीवर आणून आम्ही डिस्चार्ज कार्ड हातात देतो आणि ‘व्यसन सोडा’ असे लिहितो.

‘उद्या तो पुन्हा घेणारच’

गुरुजी म्हणतात ते पुष्कळदा खरे होते. आमच्या गावातील एक मुलगा केंद्रात तीन महिने राहून घरी आला. आईने पुरणपोळी केली, शेजाऱ्यांनी पाठ थोपटली. पंधराव्या दिवशी एका लग्नात जुने मित्र भेटले आणि त्याने पूर्वी घेत असे तेवढीच गर्द घेतली. येथे एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वीची रोजची मात्रा आता मारक होते. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमके त्याच वेळी घरचे ‘आता बरा झाला’ म्हणून निर्धास्त होतात.

तो न्हाणीघरात पडला. वडिलांना पोलिसांची भीती, म्हणून ते १०८ ला कळवू देईनात. (याबद्दल सांगतो. जखमी व अत्यवस्थ रुग्णाला आधी उपचार, कागदपत्रे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे. विषबाधेची पोलिसांकडे नोंद होते हे खरे, पण आपण होऊन उपचार घेऊ पाहणाऱ्या व्यसनी माणसाला अंमली पदार्थ कायद्याच्या ६४-अ कलमाने खटल्यापासून संरक्षण दिले आहे.) धाकटी बहीण शाळेत असताना प्रथमोपचार शिकली होती. तिने न्हाणीघरातच त्याला तोंडाने श्वास द्यायला सुरुवात केली आणि माझ्याकडे माणूस पाठविला. मी पोचेपर्यंत वीस मिनिटे ती पोरगी श्वास देत होती. तिचे ओठ सुजले होते. नॅलोक्सोन मी दिले, पण त्याला वाचविले तिने.

त्यानंतर त्याने पुन्हा घेतली का? घेतली, दोनदा. तिसऱ्या खेपेला जिल्ह्याच्या ठिकाणी ब्युप्रेनॉर्फिन सुरू केले. आज चौथे वर्ष आहे. टेंपो चालवितो, हप्ते फेडतो, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी गोळ्या आणायला जातो. त्याचे काय होईल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जिन्याखाली सापडलेल्या पोराला मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेची संधीच मिळाली नाही. गुरुजी, आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे.

ज्यांच्या घरात असा प्रश्न आहे त्यांनी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर विचारणा करावी; तेथे जवळच्या केंद्राची माहिती मिळते. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहेच. ज्यांच्या घरात मॉर्फिनची गोळी किंवा फेंटानिलची पट्टी चालू आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना ‘नॅलोक्सोन तुमच्याकडे आहे का?’ असे विचारावे. डॉक्टर रागावणार नाहीत, आणि रागावले तरी विचारावे. वापरलेली पट्टी केरात टाकू नये, तिच्यात औषध उरलेले असते आणि पोरांच्या हाती लागते. चिकट बाजू आत करून घडी घालावी आणि ज्या रुग्णालयातून मिळाली तेथे परत द्यावी.

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात अंबु बॅगेशेजारी चार ॲम्प्युल असतात. त्यांची मुदत मार्चअखेर संपते आहे. नव्या मागविल्या आहेत.

(पुढील आठवड्यात : दारू अचानक सोडल्यावर येणारी फिट)